कोणत्या यंत्रावर कोणी चढावे?



मोहाडी तालुक्यातील करडी (जि. भंडारा) येथून एका भगिनीचे पत्र आले आहे. वहीची दोन पाने, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, म्हणून नाव देत नाही. पत्रातला मजकूर थोडक्यात असा :

"ताई, आम्ही घरी चार जण. मुलांचे बाबा रात्रपाळीचे चौकीदार आहेत. बारा तासांची ड्युटी, खुर्चीवर बसून. वय ४८. मागच्या वर्षी त्यांना शुगर निघाली, गोळ्या चालू आहेत. मुलगा वीस वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करतो. मुलगी बारावीत आहे, तिला सिकलसेल आहे, रिपोर्टवर एसएस लिहिले आहे. मी रोवण्याला, कापणीला जाते. काम नसते तेव्हा घरी बिड्या वळते. जवळच्या गावी जिम निघाली. तिथे पळायचा पट्टा आहे, सायकल आहे, उभ्याने हातपाय हलवायचे मशीन आहे आणि नाव वल्हवल्यासारखे दांडी ओढायचे मशीन आहे. मालक म्हणतो, एकाचे महिन्याला ५०० रुपये, पण चौघांनी वर्षाचे एकदम भरले तर २४ हजारांचे १८ हजारांत करून देतो. मुलगा म्हणतो भरा. हे म्हणतात, शुगर उतरत असेल तर भरू. कोणी कोणत्या मशीनवर चढावे ते लिहा. पैसे बचत गटातून उचलावे लागतील."

या भगिनीने प्रश्न फार नेमका विचारला आहे. 'सर्वांत चांगले मशीन कोणते?' असे विचारणारे पुष्कळ भेटतात. 'कोणी कोणत्या मशीनवर चढावे?' असे विचारणारे थोडे. औषध जसे माणूस पाहून देतात, तसेच हेही आहे. माझी एकच विनंती आहे. बचत गटातून पैसे उचलण्याआधी हा लेख घरात चौघांसमोर मोठ्याने वाचावा आणि मग एकत्र बसून निर्णय घ्यावा.

यंत्रे करतात तरी काय?

ट्रेडमिल म्हणजे पळायचा पट्टा, एका जागी उभी केलेली सायकल, क्रॉस ट्रेनर म्हणजे उभ्याने हातपाय हलवायचे यंत्र आणि रोइंग मशीन म्हणजे वल्हवायचे यंत्र. दिसायला ही चार वेगळी असली तरी मूळ काम एकच करतात. मोठे स्नायू सतत हलते ठेवायचे, म्हणजे त्यांना रक्त पुरवण्यासाठी हृदयाला जोराने काम करावे लागते आणि फुप्फुसांना जास्त हवा घ्यावी लागते. असे रोज थोडे थोडे केले की हृदय बळकट होते, रक्तातली साखर स्नायूंत खर्च होते, रक्तदाब आटोक्यात राहण्यास मदत होते. हृदयाला मात्र पाय पट्ट्यावर चालतात की बांधीच्या धुऱ्यावर, हे कळत नाही.

याचा पहिला मोठा पुरावा बस कामगारांनी दिला आहे. लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी तिथल्या दुमजली बसचे चालक आणि वाहक यांची तुलना केली. १९५३ साली ती प्रसिद्ध झाली. दोघे एकाच बसवर, एकाच पगारवर्गातले. चालक दिवसभर बसून, वाहक दिवसभर जिना चढत-उतरत तिकिटे फाडणारा. हृदयविकाराचे प्रमाण बसून राहणाऱ्या चालकांत अधिक आढळले. त्या वाहकांनी कोणत्या जिमचे पैसे भरले नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे की प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, की हिशेब पूर्ण झाला. मध्यम म्हणजे किती? त्यासाठी घड्याळ नको. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तो मध्यम श्रम. दोन शब्दांनंतर धाप लागते, तो जोराचा श्रम. आरामात गाता येते, तर तो व्यायाम नव्हे, फेरफटका झाला.

यंत्राच्या पडद्यावर जळालेल्या कॅलरीचे आकडे उमटतात. त्यांवर फार भरवसा ठेवू नये. यंत्राला तुमचे शरीर ठाऊक नसते, ते ठोकळ हिशेब दाखवते आणि पुष्कळदा जास्तच दाखवते. साठ किलो वजनाचा माणूस अर्धा तास भरभर चालला तर साधारण शंभर-सव्वाशे कॅलरी खर्च होतात. मोठी वाटीभर भात खाल्ला की याच्या दीडपट आत जातात. वजन व साखर उतरवायची तर ताटाकडेही पाहावे लागते. कोसल देशाचा राजा पसेनदी अति जेवून धापा टाकत तथागतांपुढे येऊन बसला, तेव्हा तथागतांनी त्याला मोजके जेवण्याचा उपदेश केला. राजाने तो पाळला आणि त्याचे शरीर हलके झाले, असे सुत्तात सांगितले आहे.

मुलांचे बाबा

यांच्यासाठी व्यायाम हा औषधाइतका आवश्यक आहे. आपल्या उपखंडात हृदयविकाराचा पहिला झटका इतर देशांतल्या लोकांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी येतो, असे अनेक देशांत मिळून झालेल्या अभ्यासात आढळले आहे. त्यात मधुमेह असेल तर धोका आणखी वाढतो. मधुमेहाने शरीर कसे पोखरते हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. परमपूज्य बाबासाहेबांना मधुमेह होता, रक्तदाब होता, पायांच्या वेदना होत्या. शेवटच्या वर्षांत त्यांना आधाराशिवाय चालणे कठीण झाले होते. ते ६५ व्या वर्षी गेले. आज गोळ्या मिळतात, तपासणी होते, उपाय ठाऊक आहेत. तरी दुर्लक्ष करणे म्हणजे स्वतःशी आणि घरच्यांशी अन्याय आहे.

यंत्र निवडण्याआधी यांनी दोन कामे करावीत. पहिले, डॉक्टरांकडून रक्तदाब व हृदय तपासून घ्यावे. पट्ट्यावर चालवून हृदयाची जी तपासणी करतात, ती पद्धत अमेरिकेत डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी बसवली. ती प्रत्येकाला लागतेच असे नाही, पण चालताना छातीत दाटणे, दम लागणे असा त्रास असेल तर पट्ट्यावर चढायची पहिली वेळ डॉक्टरांसमोरच यावी. दुसरे, दोन्ही पायांचे तळवे उजेडात पाहावेत, स्वतःला दिसत नसतील तर घरच्यांकडून पाहून घ्यावेत. मधुमेहात पायांची संवेदना कमी होते. चपलेचा खिळा टोचला तरी कळत नाही आणि जखम चिघळते.

तळवे चांगले असतील, बधिरपणा नसेल, तर यांचे यंत्र म्हणजे दोन पाय आणि नीट मापाचे बूट. भरभर चालावे. तळव्यांना बधिरता असेल, जखम असेल किंवा गुडघे दुखत असतील, तर सायकल बरी. सायकलवर शरीराचा भार बैठकीवर जातो, तळव्यांवर व गुडघ्यांवर आदळ बसत नाही. बैठकीची उंची मात्र नीट हवी. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. बैठक फार खाली असली तर गुडघा दुखतो आणि माणूस म्हणतो, सायकल मला मानवत नाही.

क्रॉस ट्रेनरवर पाय पायडलावरून उचलत नाहीत, म्हणून आदळ नाही, आणि हातही चालतात. गुडघ्यांना ते पळण्यापेक्षा सोपे, पण नवख्याला त्याचा दम लवकर लागतो. महिनाभर चालून अंगात जोर आल्यावर करून पाहायला हरकत नाही. वल्हवायचे यंत्र यांनी सुरुवातीला टाळावे. रात्रभर खुर्चीवर बसून आखडलेल्या कमरेला एकदम ओढ बसते.

शुगरच्या काही गोळ्यांनी आणि इन्सुलिनने व्यायामाच्या वेळी साखर एकदम उतरू शकते. घाम सुटणे, हात थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही त्याची लक्षणे. म्हणून उपाशीपोटी यंत्रावर चढू नये आणि खिशात साखर किंवा गुळाचा खडा ठेवावा. लागोपाठ दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये.

यांच्यासाठी फुकटचा एक उपाय आहे. ड्युटीवर दर अर्ध्या तासाने खुर्चीवरून उठून कंपाउंडची एक फेरी मारावी. बसणे असे मधून मधून मोडले, तर जेवणानंतरची साखर कमी चढते, हे अभ्यासांत दिसून आले आहे. चौकीदाराने फेरी मारणे हे तर त्याचे कामच आहे. मालकही नाही म्हणणार नाही.

आणखी एक बोलतो. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ झाले. आज आपला माणूस रोज बारा तास, आठवड्याचे सहा दिवस म्हटले तरी ७२ तास खुर्चीवर बसतो. त्याच्या शुगरचे कारण एकट्या भातात शोधू नये. हा प्रश्न संघटनेने सोडवायचा आहे, पट्ट्यावर पळून तो सुटणार नाही.

भरतीचा उमेदवार

राज्याच्या पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी असते. मुलांना १६०० मीटर आणि १०० मीटर धावणे व गोळाफेक, मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावणे व गोळाफेक. हे धावणे मैदानावर असते, म्हणून तयारीही मैदानावरच झाली पाहिजे. पट्ट्यावर समोरून वारा लागत नाही, वळण नसते, खडबडीत जमीन नसते, शेजारी धावणाऱ्याचा धक्का नसतो. पट्ट्यावरची वेळ मैदानावर येत नाही म्हणून कितीतरी मुले निराश होतात.

पट्टा उपयोगी पडतो तो पावसाळ्यात, मैदानावर चिखल झाल्यावर. तेव्हा पट्ट्याला किंचित, एक टक्का चढ द्यावा, म्हणजे वाऱ्याच्या अडथळ्याची भरपाई होते. हाताने दांडी धरून पळू नये. दांडी धरली की काही भार तीवर जातो, पडद्यावर मात्र पूर्ण आकडा दिसतो. पट्टा थांबवणारी सुरक्षेची दोरी कपड्याला अडकवूनच चढावे. पट्टा चालू असताना त्यावर उडी मारू नये आणि थांबण्याआधी उतरू नये.

आता या घरासाठी खरोखर महत्त्वाची गोष्ट. मुलीच्या रिपोर्टवर एसएस आहे. म्हणजे सिकलसेलचा एक दोष तिला आईकडून आला आणि एक बाबांकडून. म्हणजे आई आणि बाबा दोघेही निदान वाहक आहेतच. दोघे वाहक असले की प्रत्येक अपत्याचे चार वाटे धरावे. एक वाटा आजारी, दोन वाटे वाहक, एक वाटा पूर्ण निर्दोष. मुलाला वीस वर्षांत कधी त्रास झाला नाही, म्हणजे तो आजारी बहुधा नाही. मग उरलेल्या तीन वाट्यांपैकी दोन वाटे वाहकाचे आहेत. त्याची तपासणी झाली आहे का? पत्रात तसा उल्लेख नाही.

वाहक असणे हा आजार नव्हे. वाहक माणूस सर्वसाधारण आयुष्य जगतो, धावतो, खेळतो, नोकरी करतो. पण तापत्या उन्हात, पुरेसे पाणी न पिता, सवय नसताना एकदम जिवापाड पळाला, तर त्याच्या स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते आणि त्यातून मूत्रपिंडांवर व जिवावर बेतू शकते. अमेरिकेच्या सैन्यातील नोंदींवर २०१६ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाणी व विश्रांतीचे नियम सर्वांना लागू असलेल्या त्या सैन्यात वाहक सैनिकांच्या मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले नाही. स्नायूंना अशी इजा होण्याचा धोका मात्र अधिक आढळला. यातून घ्यायचा बोध स्पष्ट आहे. वाहकाने मैदान सोडू नये, नियम पाळावेत. आधी आणि मधून मधून पाणी प्यावे. वेग आठवड्या-आठवड्याने वाढवावा. ताप किंवा जुलाब असताना पळू नये. मांड्यांत वेगळीच कळ येऊन पाय शक्तिहीन वाटले, किंवा लघवी काळपट झाली, तर 'दम काढ' म्हणणाऱ्याचे ऐकू नये, तिथेच थांबावे आणि दवाखाना गाठावा.

म्हणून या मुलाने पट्ट्याचे पैसे भरण्याआधी रक्ताची सिकलसेल तपासणी करावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी साधी चाचणी होते, ती दोषी आली की पुढची चाचणी करून वाहक की रुग्ण हे ठरवतात. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते.

बारावीतली मुलगी

विदर्भात सिकलसेल आदिवासी बांधवांत आणि आपल्या समाजात मोठ्या प्रमाणात आढळतो. 'मागच्या जन्मीचे पाप' म्हणणारे अजून आहेत. त्यांना सांगावे की हा दोष वाहक असलेल्या माणसाला लहानपणी घातक मलेरियापासून काही अंशी वाचवतो. म्हणून मलेरियाच्या प्रदेशात तो पिढ्यान् पिढ्या टिकला. आफ्रिकेतही तसाच टिकला. यात पाप नाही, शाप नाही, देवाचा कोप नाही. डास आहे.

सिकलसेलमध्ये रक्तातल्या लाल पेशी पाणी कमी पडले, प्राणवायू कमी पडला, फार थंडी लागली की विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. म्हणून कित्येक घरांत अशा मुलीला हलूच देत नाहीत. तेही बरोबर नाही. फ्रान्समध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, देखरेखीखाली केलेला माफक व्यायाम सिकलसेलच्या प्रौढ रुग्णांना सुरक्षित असल्याचे दिसले. माफक आणि देखरेखीखाली, हे दोन शब्द विसरू नयेत.

या मुलीने उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारून, त्यांनी हो म्हटले तर, सायकलवर बसावे. सुरुवातीला पाच-दहा मिनिटे, हलक्या ताणाने, बोलता येईल इतक्याच वेगाने. दर काही मिनिटांनी घोटभर पाणी. घाम आलेल्या अंगाने पंख्याखाली किंवा एसीच्या झोतात बसू नये. सिकलसेलमध्ये खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडू शकतो. म्हणून खुब्यात किंवा जांघेत दुखत असेल, लंगडत असेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. पळायचा पट्टा आणि वल्हवायचे यंत्र तिच्यासाठी नाही. घरी साधी सायकल असेल तर सकाळच्या गारव्यात, पण थंडीत नव्हे, मैत्रिणीसोबत हळू फेरी मारली तरी तेच फळ.

आणि आई?

पत्रात आईने स्वतःबद्दल एकच ओळ लिहिली आहे. चार यंत्रे, चार माणसे असा हिशेब मांडताना ती स्वतःचे नाव शेवटी घालते. आपल्या घरोघरी असेच चालते.

रोवण्याच्या दिवसांत ही भगिनी पाण्याने भरलेल्या बांधीत कंबर मोडून दिवसभर पऱ्हे लावते. घरी आली की चूल, भांडी, पाणी. तिला पट्ट्यावर चढवणे म्हणजे राबून आलेल्या बैलाला पुन्हा घाण्याला जुंपणे आहे. लोकांना वाटते, कष्ट करणाऱ्याचे हृदय आपोआप बळकट होते. डेन्मार्कमध्ये मोठ्या लोकसंख्येवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. फावल्या वेळेतल्या व्यायामाने हृदयाला जो फायदा होतो, तो कामावरच्या जड श्रमांनी होत नाही, उलट धोका वाढलेला दिसतो, असे त्यात आढळले. त्याचे एक कारण असे सांगतात की मजुराचे श्रम तासन् तास चालतात, मधे विसावा नसतो, आणि थांबणे आपल्या हातात नसते. व्यायामात थांबणे आपल्या हातात असते.

म्हणून रोवणा-कापणीच्या दिवसांत या आईचे औषध विश्रांती आहे. दिवसातून दोन-तीनदा सरळ उभे राहून, कंबरेवर हात ठेवून हळूच मागे वाकावे, कमरेला तेवढाच आराम. पाणी भरणे, भांडी घासणे ही कामे त्या महिन्यांत मुलाने आणि बाबांनी वाटून घ्यावीत. भरतीसाठी १६०० मीटर धावणाऱ्या मुलाला दोन गुंड पाणी आणणे जड जाऊ नये. बाबासाहेबांनी स्त्रियांच्या हक्कांसाठी कायदेमंडळात लढा दिला. त्यांचा फोटो ज्या भिंतीवर आहे, त्या भिंतीखाली एकटी आई राबत राहणे शोभत नाही.

बिड्या वळायच्या दिवसांत उलट असते. मांडी घालून तासन् तास बसणे, मान खाली, नाकात तंबाखूची धूळ. त्या दिवसांत तिलाही चालण्याची गरज आहे. शेजारच्या दोन बायांना सोबत घेऊन रोज अर्धा तास भरभर चालावे. रक्तातले हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्यावे, दम लागण्याचे कारण पुष्कळदा तिथे सापडते. ती स्वतः सिकलसेलची वाहक असणारच. म्हणून उन्हात काम करताना तिनेही पाण्याची बाटली जवळ ठेवावी.

सोणाची वीणा

चालण्याचे महत्त्व आपल्या धम्मात नवे नाही. चंक्रमणाचे पाच लाभ तथागतांनी सांगितले आहेत. लांबचा प्रवास झेपतो, कष्ट झेपतात, आजार कमी होतात, खाल्लेले नीट पचते, आणि चालताना साधलेली मनाची एकाग्रता पुष्कळ काळ टिकते. बोधगयेला महाबोधी विहाराच्या कडेला चंक्रमणाची जागा आजही दाखवतात.

सोण नावाच्या भिक्खूची कथा आपल्या वाचकांना ठाऊक असेल. श्रीमंताघरचा, सुकुमार पायांचा तरुण. भिक्खू झाल्यावर त्याने इतके चंक्रमण केले की तळवे फुटून वाट रक्ताने माखली. एवढे करून फळ नाही म्हणून तो निराश झाला. तथागतांनी त्याला विचारले, तू पूर्वी वीणा वाजवत होतास ना? तारा फार ताणल्या तर सूर लागत असे का? फार सैल सोडल्या तर? सोण म्हणाला, नाही. तसेच प्रयत्नाचे आहे, असे तथागतांनी त्याला समजावले. पुढे त्याला पायांत वहाणा घालण्याची परवानगी दिली. सोण म्हणाला, मला एकट्याला नको, संघाला मिळत असेल तर घेईन. मग ती सर्व भिक्खूंना मिळाली.

या कथेत आपला सगळा प्रश्न आला आहे. तार किती ताणायची हे वीणा पाहून ठरते. बाबांची तार सैल आहे, ती ताणायला हवी. आईची फार ताणली आहे, ती सैल करायला हवी. मुलीची हळूहळू लावायची आहे. मुलाची ताणायचीच आहे, पण तुटेल इतकी नव्हे. आणि वहाण घ्यायची तर सर्वांची सोय पाहून घ्यायची.

पैशांचा हिशेब

वर्षाचे १८ हजार एकदम भरू नयेत. मालक सवलत देतो, कारण पुष्कळ लोक दोन महिन्यांनी यायचे बंद होतात हे त्याला ठाऊक असते. आपण असे करावे. बाबांनी आणि मुलाने पावसाळ्यातल्या दोन महिन्यांचे तेवढे पैसे भरावेत. दोघांचे मिळून दोन हजार रुपये. बाबांनी सायकल, मुलाने पट्टा. मुलीला डॉक्टरांनी परवानगी दिली तर तिचे एका महिन्याचे ५०० भरून पाहावे. आईचे भरू नयेत. म्हणजे अडीच हजारांत काम होते आणि साडेपंधरा हजार वाचतात. त्यातून बाबांना आणि मुलाला चांगले बूट घ्यावेत. आणखी काही घ्यायचेच असेल तर रस्त्यावरची एक साधी सायकल घ्यावी, ती मुलीच्या कॉलेजलाही चालेल आणि बाबांच्या ड्युटीलाही. उरलेल्यासाठी कर्जच घेऊ नये. व्याज वाचेल आणि व्याजाची काळजीही. बाबांच्या रक्तदाबाला तेही औषधच आहे.

ज्या गावांत ग्रामपंचायतीने उघड्यावर लोखंडी व्यायामाची साधने बसवली आहेत, तिथे आधी ती वापरून पाहावीत. त्यांना फी नाही.

मी सांगितले म्हणून मानू नये. मालक सांगतो, मुलगा सांगतो, लेखात छापले आहे, म्हणूनही मानू नये. कालामांना तथागतांनी दिलेला हा उपदेश इथेही लागू आहे. महिनाभर करून पाहावे, बाबांची शुगर महिन्याच्या आधी आणि नंतर मोजून वहीत लिहावी. आकडा उतरला तर पुढे चालू ठेवावे.

करडीच्या भगिनीस विनंती, मुलाच्या तपासणीचा निकाल आला की एक ओळ जरूर लिहावी. आणि ज्या वाचकांच्या घरी सिकलसेलचा रुग्ण आहे, त्यांनी घरातील बाकीच्यांची तपासणी झाली की नाही, हे आजच विचारावे. मुला-मुलींची लग्ने ठरवण्याआधीही हा कागद हाती असावा. कुंडली पाहणे आपण सोडले आहे. हा रिपोर्ट पाहणे सुरू करावे.

सर्वांना निरोगी आयुष्य लाभो. जयभीम, नमो बुद्धाय!